काळीच्या पाण्याचा हिशेब मांडा

प्रति,
माननीय मुख्यमंत्री, ऊर्जामंत्री, वनमंत्री आणि महसूलमंत्री, कर्नाटक शासन, बंगळूर
व्यवस्थापकीय संचालक, कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशन, बंगळूर
जिल्हाधिकारी, उत्तर कन्नड, कारवार



पत्र मराठीत आहे म्हणून ते सीमावादाच्या फायलीत टाकू नये, ही पहिली विनंती. महाराष्ट्राने कारवार आणि हल्याळबरोबर सुपे तालुक्यावरही हक्क सांगितला, महाजन आयोग झाला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. आम्ही कुणाचे, यावर इतकी वर्षं वाद चालला आहे. आमच्याकडून काय नेलं आणि बदल्यात काय दिलं, हा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंच्या कागदांत कुठे दिसत नाही. हे पत्र तेवढ्याच प्रश्नाविषयी आहे.

माझं घराणं सुपे पेठेतलं. पेठ धरणात गेली आणि आम्ही रामनगरला आलो. आज तालुक्याची कचेरी जोयड्याला आहे, जनगणनेच्या तक्त्यात तालुका ‘सुपा’ म्हणून लागतो आणि मूळ सुपे पाण्याखाली आहे.

बंगळुरात बसून या तालुक्याचा अंदाज येणं कठीण, म्हणून थोडं भूगोलाचं सांगतो. जोयडा तालुका सुमारे १९०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे गोवा राज्याच्या निम्म्याएवढा. २०११ च्या जनगणनेत माणसं मात्र पन्नास हजारांच्या आसपास. पश्चिमेला सह्याद्रीची कड आणि तिच्याखाली गोव्याचे सांगे, काणकोण, उत्तरेला खानापूर, पूर्वेला दांडेली-हल्याळ, दक्षिणेला यल्लापूर, अंकोला, कारवार. कॅसलरॉकला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला हल्याळच्या पट्ट्यात उतरावं तर तो एवढा घटतो की भाताचा पेराही वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. घाटमाथ्यावरचं हे बरंचसं पाणी समुद्र जवळ असूनही आधी पूर्वेकडे उतरतं. काळी डिग्गीच्या रानात उगम पावते, पांढरी कॅसलरॉककडून येते, दोघी सुप्याला मिळत. मग काळी दांडेलीला वळसा घालून पुन्हा पश्चिमेला फिरते आणि १८४ किलोमीटर चालून सदाशिवगडापाशी समुद्राला मिळते. या वळणामुळेच धरणं बांधणाऱ्यांची नजर तिच्यावर पडली.

त्याआधीही या डोंगराकडे बाहेरच्यांची नजर होतीच. सोंद्याच्या राजांनंतर हैदर आला, १७९९ नंतर इंग्रज. १८६२ साली उत्तर कानडा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला. इंग्रजांना हवं होतं दांडेलीचं सागवान. कुणबी डोंगरउतारावर कुमरी करीत: रान तोडायचं, जाळायचं, राखेत नाचणी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा पुन्हा रानाला सोडून पुढे सरकायचं. सरकारला त्यात लाकडाची नासाडी दिसली. कुमरीवर आधी निर्बंध आले, मग ती जवळजवळ बंदच पडली. रान ‘राखीव’ झालं आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस कागदावर परवानगी मागणारा ठरला. १८८० च्या दशकात मुरगावहून रेल्वे घाट चढून कॅसलरॉकला आली. गोव्यात पोर्तुगीज असताना तिथे हद्दीवरची जकात तपासणी चाले. आता त्याच रुळांवरून बंदराचा कोळसा वर येतो. त्या मार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली, तेव्हा कुठे देशाच्या वर्तमानपत्रांत कॅसलरॉकचं नाव झळकलं.

स्वातंत्र्यानंतर पाळी आली बांबूची. दांडेलीचा कागद कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला आणि त्याला सरकारी रानातला बांबू टनाला दीड रुपया दराने देऊ केला गेला. त्याच वेळी बुरुडाला बाजारात बांबूसाठी याच्या कितीतरी पट मोजावे लागत, हे माधव गाडगीळ यांनी पुन्हा पुन्हा लिहिलं आहे. १९७० च्या दशकात बांबू का संपतो आहे हे तपासायचं काम तुमच्याच सरकारने गाडगिळांकडे दिलं होतं. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. तोड सोपी व्हावी म्हणून ते साफ केलं जाई. गावकरी सांगत होते की ते काढू नका, कोवळे कोंब त्यानेच वाचतात. काटे गेले आणि कोंब गुरांच्या, रानजनावरांच्या तोंडी लागले. अभ्यासाअंती गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं, पण तोवर बेटंच्या बेटं बसली होती. कारखान्याला पुढे दूरवरून लाकूड आणावं लागलं. इथल्या बुरुडाला तेवढ्या दुरून काही आणणं शक्य नव्हतं. डिग्गीकडच्या मॅंगनीजच्या खाणीही अशाच आल्या आणि गेल्या.

आता पाणी. गणेशगुडीपाशी काळीवर १०१ मीटर उंचीचं सुपा धरण १९८७ च्या सुमारास पूर्ण झालं. त्याचा साठा सुमारे १४५ टीएमसी. मराठी वाचकाला कोयना माहीत असते, तिचा साठा १०५ टीएमसी. म्हणजे कोयनेपेक्षा मोठा जलाशय आमच्या उंबऱ्यावर आहे आणि महाराष्ट्रातच काय, खुद्द कर्नाटकातही फारच थोड्यांना त्याची कल्पना आहे. धरणाच्या पायथ्याशी १०० मेगावॉटचं वीजघर आहे. तेवढ्यावरून सुप्याचं मोल ठरवू नये. सुपा ही या खोऱ्याची तिजोरी आहे. पावसाळ्यात भरायचं आणि उन्हाळ्यात, मागणी चढली की, मोजून सोडायचं. ते पाणी बोम्मनहळ्ळीला अडवलं जातं, बोगद्यातून अंबिकानगरच्या नागझरी वीजघरावर पडतं (८८५ मेगावॉट), पुढे कोडसळ्ळीला १२० आणि कद्र्याला १५० मेगावॉट देतं. एकूण साडेबाराशे मेगावॉट. कद्र्याच्या काठावर कैगा अणुवीज केंद्राच्या प्रत्येकी २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत, त्यांना थंड करणारं पाणीही याच नदीचं. गणेशगुडीला राफ्टिंगला येणाऱ्या पाहुण्यांना मुलं आधीच सांगून ठेवतात, ‘वीजघराने पाणी सोडलं तर होडी जाईल.’ बंगळुरात विजेची मागणी वाढली की इथे नदी फुगते, कमी झाली की खडक उघडे पडतात. आमच्या नदीची भरती-ओहोटी तुमच्या भार नियंत्रण कक्षात ठरते.

या पाण्याखाली सुपे पेठ, तिची कचेरी, बाजार, देवळं आणि भोवतालची डझनावारी गावं गेली. नदीकाठची सुपीक भातखाचरं गेली, कारण या डोंगरात सपाट जमीन होती ती नदीकाठीच. लोकांना रामनगरच्या माळावर आणून बसवलं. सुपा धरण पूर्ण झालं त्याच सुमारास, १९८७ साली, अणशी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. दांडेली अभयारण्य १९५६ पासून होतंच. २००७ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ पासून त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प, क्षेत्र सुमारे १३०० चौरस किलोमीटर. म्हणजे खोऱ्याच्या तळाची जमीन विजेला गेली आणि उतारावरची वाघाला. दोन्ही गोष्टी देशाला हव्या आहेत, मलाही हव्या आहेत. वीज वापरतो आणि वाघ असावा असं मनापासून वाटतं. प्रश्न इतकाच, की दोन्हींची किंमत या पन्नास हजारांनी भरायची आणि लाभ सहा कोटींनी घ्यायचा, हे कुठल्या कायद्यात लिहिलं आहे?

उलट कायद्यांत आणि धोरणांत दुसरंच लिहिलेलं सापडतं. केंद्राचं जलविद्युत धोरण २००८ चं. त्यात नव्या प्रकल्पांनी एक टक्का वीज स्थानिक विकास निधीसाठी द्यावी, राज्यानेही आपल्या वाट्यातून तेवढीच भर घालावी आणि प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षं महिना १०० युनिट वीज मिळावी, असं आहे. नॉर्वेत १९१७ पासून कायदा आहे, त्यानुसार धरण ज्या डोंगरी नगरपालिकांच्या हद्दीत येतं, त्यांना विजेतला दहा टक्क्यांपर्यंत वाटा उत्पादनखर्चात द्यावा लागतो. तिथल्या दऱ्याखोऱ्यांतल्या छोट्या नगरपालिका या पैशावर शाळा आणि वृद्धाश्रम चालवतात. खनिजांबाबत आपल्याकडेही २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. लोखंड काढलं की जिल्ह्याला वाटा आणि पाणी काढलं की काहीच नाही, हा भेद समजत नाही.

रानाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना केंद्रीय करातला वाटा देताना वन आणि पर्यावरण या निकषाला १० टक्के वजन दिलं. राज्यात घनदाट रान जितकं जास्त, तितका त्या राज्याचा वाटा मोठा. त्या मापात जोयड्याची रानं मोजली गेली, पैसा बंगळूरच्या तिजोरीत आला. त्यातला एक पैसाही रान राखणाऱ्या ग्रामपंचायतीकडे जावा, अशी वाट मात्र ठेवलेली नाही.

तुमच्याकडची नेहमीची उत्तरं मला ठाऊक आहेत. पहिलं: ‘२००८ चं धोरण पुढच्या प्रकल्पांसाठी आहे, सुपा जुनं.’ मान्य. पण कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशन ही सरकारची स्वतःची कंपनी. आपल्या कंपनीच्या नफ्यातला वाटा कुणाला द्यायचा हे ठरवायला दिल्लीच्या धोरणाची गरज नाही, मंत्रिमंडळाचा एक ठराव पुरे. दुसरं: ‘लोकसंख्या एवढी विरळ, की दरडोई खर्च परवडत नाही.’ विरळ आहे हे खरं, चौरस किलोमीटरला तीसही माणसं नाहीत. पण विरळ असल्यामुळेच तुम्हाला धरण बांधायला जागा मिळाली आणि वाघाला रान. जमीन घेताना विरळपणा सोयीचा होता, आता रस्ता द्यायच्या वेळी तो अडचणीचा झाला. तिसरं: ‘पैसा पंचायतीत मुरेल.’ मुरू शकतो. म्हणून तो ग्रामसभेपुढे वाचला जावा आणि फलकावर लावला जावा, एवढंच मागतो आहोत.

रक्कम किती होईल याचा अंदाज यावा म्हणून एक गणित. उदाहरणापुरतं धरा, काळीच्या साखळीवर एखाद्या वर्षी ३०० कोटी युनिट वीज झाली. एक टक्का म्हणजे ३ कोटी युनिट. युनिटला चार रुपये धरले तर १२ कोटी. महामंडळाच्या उलाढालीत ही रक्कम दिसणारही नाही. जोयड्यात मात्र त्यातून दर पावसाळ्यात तुटणाऱ्या वाड्यांना साकव होतील, प्रत्येक मोठ्या गावाला रात्रीची रुग्णवाहिका होईल. तालुक्यातून कारवारचं जिल्हा रुग्णालय गाठायचं म्हणजे ऐंशी-नव्वद किलोमीटर आणि मध्ये अणशीचा घाट. दरड आली की तीही वाट बंद. बाळंतीण, साप चावलेला माणूस, छातीत कळ आलेला म्हातारा यांना घेऊन लोक बेळगाव, दांडेली किंवा गोवा यांपैकी जी वाट उघडी असेल ती धरतात.

आता कुणब्यांविषयी, कारण या तालुक्याचा कणा तेच. घाटाखाली गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या सिद्दींनाही मिळाला, ते योग्यच झालं. पण घाटमाथ्यावरचा कुणबी, ज्याची सोयरीक, बोली, देव आणि शेती घाटाखालच्या कुणब्याशी जुळते, तो अजून निवेदनं देतो आहे. धनगर गवळीही देतात. हा नुसता आरक्षणाचा विषय समजू नका. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे. जमातीत न मोडणाऱ्याने मात्र त्याआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती सिद्ध करायची, म्हणजे थेट १९३० चा पुरावा. मुंबई इलाख्यातल्या डोंगरातल्या निरक्षर कुणब्याने १९३० चा कोणता कागद जपून ठेवला असेल? असला तरी धरणामुळे झालेल्या उठवाउठवीत तो राहिला असेल का?

कायदा करणाऱ्यांना ही अडचण माहीत होती. म्हणून नियमांत गॅझेटियर, जमाबंदीचे जुने अहवाल, जनगणना, जुनी देवस्थानं, स्मशानं, वडीलधाऱ्यांचे जबाब हे सगळं पुरावा म्हणून धरलं आहे. त्याच तुकड्यावर ७५ वर्षं ताबा हवा असं नाही, रानावर अवलंबून राहिलेली वस्ती दाखवली की चालतं, असा खुलासाही केंद्रीय आदिवासी मंत्रालयाने केलेला आहे. १८८३ च्या कानडा जिल्ह्याच्या गॅझेटियरात सुप्याच्या कुणब्यांची आणि त्यांच्या शेतीची नोंद आहे. सरकारचाच हा दस्तऐवज, सरकारी कपाटात पडलेला. जिल्हाधिकाऱ्यांनी तो एकदा सामाईक पुरावा म्हणून सगळ्या ग्रामसभांना प्रमाणित करून दिला तर फेटाळलेल्या शेकडो अर्जांची फेरतपासणी होऊ शकते. याला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही.

कुणब्यांना काय येतं, हे पाहायचं तर जोयड्याला दरवर्षी भरणाऱ्या कंदमुळांच्या मेळ्यात या. मुडली, कोन, कणगी, करांदे यांचे ढीग लागतात. एकेक कोन उचलायला दोन हात लागावेत असा. पावसाच्या तोंडावर मातीचा उंचवटा करून त्यात बियाण्याचा तुकडा पुरतात, वेल शेजारच्या झाडावर चढवतात, थंडी पडली की वेल वाळतो आणि मग खणती. खताची पिशवी नाही, पंप नाही. बियाणं बाईच्या हातचं, सासूकडून सुनेकडे आलेलं. शास्त्रज्ञ येतात, नमुने नेतात, वाणांचं कौतुक करतात. विक्रीची, साठवणीची, टपरीएवढ्या प्रक्रिया केंद्राची सोय मात्र अजून लोकांच्या हिमतीवर. आणि पिकाचा खरा वैरी रानडुक्कर. एका रात्रीत तो मुस्काटाने अख्खी रांग उलथून जातो. माळ्यावर बसून, पत्र्याचा डबा बडवत राखण करायची, सकाळी नुकसानीचा अर्ज लिहायचा आणि जमीन नावावर नाही म्हणून तो अर्ज परत यायचा. वाघ सांभाळण्याची जी किंमत मी वर म्हणालो, ती दिसते ती अशी.

व्याघ्र प्रकल्पातल्या गावांना स्थलांतराचं पॅकेज आहे, २०२१ मध्ये ते कुटुंबामागे १० लाखांवरून १५ लाख झालं. ज्यांना मनापासून जायचं आहे त्यांनी जावं. शिकलेल्या मुलांना आडरानात राहायचं नसतं, हेही खरं. पण रस्त्याला परवानगी नाही, विजेच्या तारेला परवानगी नाही, शाळेला शिक्षक नाही, अशा स्थितीत दिलेली संमती ‘स्वेच्छेची’ म्हणता येणार नाही. आधी राहण्याजोगं करा, मग विचारा. कोयनेचे विस्थापित पाऊणशे वर्षांच्या उंबरठ्यावरही पुनर्वसनासाठी आंदोलनं करताना महाराष्ट्र पाहतो आहे. सुप्याच्या लोकांनी एकदा घर सोडलं आहे. दुसऱ्यांदा सोडायला सांगताना निदान पहिल्या वेळचा हिशेब चुकता केलेला असावा.

म्हणून चार मागण्या, थोडक्यात.

एक: काळीच्या साखळीतल्या सुपा, नागझरी, कोडसळ्ळी आणि कद्रा या वीजघरांच्या उत्पन्नाचा एक टक्का खोऱ्यातल्या प्रकल्पबाधित तालुक्यांसाठी राखून ठेवणारा ठराव येत्या अर्थसंकल्पासोबत करावा. त्याचा वार्षिक जमाखर्च कन्नड आणि मराठीत ग्रामसभेत वाचला जावा.

दोन: वित्त आयोगाच्या वन निकषातून राज्याला मिळणाऱ्या रकमेचा ठरावीक भाग वनक्षेत्राच्या प्रमाणात ग्रामपंचायतींना द्यावा.

तीन: जिल्हाधिकाऱ्यांनी जुनं गॅझेटियर, जमाबंदी आणि जनगणनेचे कागद सामाईक पुरावा म्हणून प्रमाणित करून वनहक्काच्या फेटाळलेल्या अर्जांची गावोगावी फेरतपासणी करावी. कुणबी आणि धनगर गवळी यांच्या दर्जाबाबत राज्याची भूमिका स्पष्ट शब्दांत जाहीर करावी.

चार: उत्तर कर्नाटकाला काळीचं पाणी नेण्याच्या योजनांची जी चर्चा अधूनमधून होते, त्यांतली एकही या खोऱ्यातल्या ग्रामसभांना विचारल्याशिवाय पुढे नेऊ नये. धारवाड-गदगच्या तहानेबद्दल आमच्या मनात आकस नाही. उळवीच्या जत्रेला त्यांच्या बैलगाड्या आमच्या अंगणावरून जातात, आम्ही त्यांना पाणी पाजतो. पण पाजणाऱ्याला विचारायचं असतं.

ठरावाला वेळ लागेल हे समजतो, म्हणून तोवरचं एक काम आम्हीच सुरू करतो आहोत. माहिती अधिकाराचा एक अर्ज तयार आहे. त्यात तीनच प्रश्न आहेत: सुपा धरण सुरू झाल्यापासून काळीच्या चारही वीजघरांतून दरवर्षी किती युनिट वीज झाली, त्या विक्रीतून किती रुपये आले, आणि त्यांतले किती जोयडा तालुक्यात खर्च झाले. हाच अर्ज तालुक्यातल्या जास्तीत जास्त ग्रामसभांनी आपापल्या ठरावाने पाठवावा, असं आम्ही सांगत फिरणार आहोत. पहिल्या दोन आकड्यांचं उत्तर महामंडळाच्या दप्तरात नक्की असणार. तिसऱ्याचं उत्तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं, तर तेही आम्ही ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवू आणि एक टक्क्याची मागणी तिथूनच पुढे सुरू होईल.

कळावे,
सुपे पेठेतून उठून रामनगरला बसवलेल्या घरातला एक